मावशीसाठी एक इंग्रजी शब्द

मी तापट आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं माझी जी फजिती झाली तिच्या मुळाशी हा तापटपणाच होता. आणि त्याच्या जोडीला इंग्रजी. तेविसाव्या वर्षी लोणावळ्यात मुलींच्या शाळेत पाढे शिकवता शिकवता मी घरी मॅट्रिकचा अभ्यास करत होते, आणि आपल्याला इंग्रजी येतं या एका गोष्टीनं माझं डोकं किती चढलं होतं ते आठवलं की आजही हसू येतं. पुण्याहून मी एक जाडजूड डिक्शनरी आणली होती. ती फडक्यात बांधून ठेवायचे आणि हात धुतल्याशिवाय उघडायचे नाही. वडील म्हणायचे, "आता फूल वाहायचं तेवढं राहिलंय."

वडील घाटात मालगाडीवर गार्ड होते. आई मी लहान असतानाच गेलेली. घरात आम्ही दोघंच, आणि दोघंही हट्टी. सकाळच्या चहापासून वाद सुरू व्हायचा तो त्यांची ड्यूटी लागेपर्यंत. त्यांना इंग्रजी यायचं ते रेल्वेपुरतं, पण त्या रेल्वेपुरत्या इंग्रजीवर त्यांचा भरवसा माझ्या डिक्शनरीपेक्षा जास्त होता.

एका ज्येष्ठात, रविवारच्या सुट्टीला, मावशी आमच्या दारात येऊन उभी राहिली. ही मावशी आंदर मावळातली. सख्खी नव्हे, पण आमच्या घरी आंबेमोहर तांदूळ वर्षानुवर्षं तिच्याकडूनच यायचा, त्यामुळं सख्ख्यापेक्षा जवळची. उंच, हाडापेरानं मजबूत, आवाज असा की बाजाराच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाला भाव ठरावा. डोंगरातल्या गावातून पायी कामशेतला यायचं आणि तिथून गाडीनं लोणावळ्याला, हा तिचा नेहमीचा रस्ता. एरवी डोक्यावर तांदळाची पाटी असायची. त्या दिवशी पाटी नव्हती.

"बाई, सायेबाला कागूद लिव्हायचाय," ती म्हणाली. "विंग्रजीत. तुमीच लिव्हा."

मला काय, आभाळ ठेंगणं झालं. तिला बसवलं, चहा ठेवला आणि म्हटलं, आधी सगळं नीट सांगा.

हकिकत अशी होती. कामशेतच्या अलीकडं भाताचा एक सरकारी मळा होता. तिथं नवा साहेब आला होता. कुठल्या जातीचं भात कसं येतं याचे प्रयोग करायचा. त्याला आषाढातल्या आवणीसाठी, म्हणजे भाताची रोपं खाचरात लावण्यासाठी, बायकांची एकच टोळी हवी होती, आख्ख्या हंगामाला पुरेल अशी. मावशीच्या टोळीत बावीस जणी. वर्षानुवर्षं एकमेकींबरोबर आवणी करणाऱ्या. पण पुण्याकडचा एक मुकादम आधीच साहेबाला भेटून आला होता. तो मावशीच्या बायका घ्यायला तयार होता, पण एकोणीसच. तिघींना त्यानं नावं ठेवून बाजूला काढलं होतं. एक पायानं अधू, एक पोटुशी, आणि एक म्हातारी आजी.

"तो म्हन्तो, म्हातारी कशाला? तिच्यानं टोळी रखडती," मावशी म्हणाली. चहाचा कप तिनं हातात नुसता धरून ठेवला होता. "बाई, आजीला कुनी न्हाई. ल्योक गेला, सून माहेरी गेली. वरीसभर ती ह्या आवनीची वाट बगती. तिला घरी बशीवली तर ती दिवाळी बगायची न्हाई. आमी बावीस म्हंजी बावीस. आमाला मुकादम नको, आमचं आमी करतो, आसं सायेबाला लिव्हा."

एवढंच मागणं होतं. मुकादमाला काम मिळालं तर आजी घरी बसणार, मावशीला मिळालं तर आजी खाचरात. मी म्हटलं, काही काळजी करू नका, आणि हात धुवायला गेले.

अडलं पहिल्याच वाक्याला. मावशी त्या टोळीची कोण? मराठीत मी विचारलं तर ती म्हणाली, "कोन म्हंजी? त्यांच्यातलीच." आता हे इंग्रजीत कसं लिहायचं? साहेबापुढं मुकादम उभा, छत्री घेऊन, शिट्टी घेऊन, आणि आमची मावशी नुसती 'त्यांच्यातलीच'? छे. तिला भारदस्त शब्द पाहिजे होता, मुकादमाला झाकून टाकील असा.

मी डिक्शनरी उघडली आणि शब्द काढून काढून दगडी पाटीवर लिहायला लागले. हेड? हेड म्हटलं की आमचे हेडमास्तर डोळ्यांपुढं यायचे, नाकात तपकीर घालणारे. नको. चीफ? चीफ म्हणजे साहेबांच्या चित्रांत डोक्याला पिसं लावून भाला घेऊन बसलेला रानातला कुणीतरी. कमांडर? त्याला पलटण पाहिजे. गव्हर्न करणारी? गव्हर्नर तर पावसाळ्यात पुण्याला येऊन राहायचा, त्याची गाडी आमच्याच स्टेशनातून जायची तेव्हा वडील दोन दिवस आधीपासून कोटाची बटणं घासत. मावशीला त्याच्या रांगेत बसवायचा धीर मलाही होईना.

राहिला लीडर. हा शब्द समोर आला आणि मी दचकून दाराकडं बघितलं. त्या वर्षांत लीडर म्हटलं की एकच अर्थ. प्रभातफेरी, मिठाची पुडी, आणि मग पोलिसांची गाडी. लीडरच्या नावाचा कागद इंग्रज साहेबाच्या टेबलावर पडला तर आजीची आवणी राहिली बाजूला, मावशीच येरवड्याला. मी तो शब्द ओल्या बोटानं पुसून टाकला.

वडील कॉटवर पडून ऐकत होते. ते म्हणाले, "इनचार्ज लिही. मी गाडीचा इनचार्ज असतो."

"तुम्ही? तुम्ही तर शेवटच्या डब्यात असता."

"असतो. गाडी माझ्या ताब्यात. पण इंजिनाला हात लावायची मला परवानगी नाही. घाट चढताना मागून ढकलायला इंजिनं लागतात, त्यांनाही नाही. मग सांग बरं, गाडी नेतो कोण? पुढचा ड्रायव्हर, मागची इंजिनं, का मी?"

"बाबा, हे स्टेशनातलं इंग्रजी आहे. मला जरा बरं पाहिजे."

ते कूस बदलून झोपले. मावशी मात्र त्यांच्याकडं बघत राहिली. तिला तो प्रश्न आवडला असावा.

शेवटी मला पाहिजे होता तो शब्द सापडला. रूल. राज्य करणे, सत्ता चालवणे, हुकमात ठेवणे. वा, म्हटलं, साहेब ज्या भाषेत स्वतःबद्दल बोलतो त्याच भाषेत मावशीबद्दल वाचू दे. मी सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं, की मी बावीस बायकांवर रूल करते आणि त्या माझा प्रत्येक हुकूम पाळतात, सबब मुकादमाची आवश्यकता नाही आणि बावीसच्या बावीस जणींना कामावर घेण्याची कृपा व्हावी. मग त्याचं मराठी करून मावशीला वाचून दाखवलं.

मावशीनं कागदावर बोट ठेवलं. "माजं राज्य?" ती म्हणाली.

"इंग्रजीत असंच लिहावं लागतं."

"आन बावीस जनींवर? मी धरून बावीस हाय की. मी माज्यावर कसं राज्य करू?"

मी बावीसचे एकवीस केले, पुढच्या ओळीतले बावीस तसेच ठेवले. मावशीनं अंगठा उठवला. मग जाता जाता म्हणाली, "आजीचं कायच न्हाई लिव्हलं."

"आजीचं कशाला? टोळी काय आजी चालवते?"

ती काहीतरी सांगणार होती, पण तिच्या गाडीची वेळ झाली होती, आणि खरं सांगायचं तर मीही तिला सांगू दिलं नाही. माझा अर्ज झाला होता आणि तो मला फार आवडला होता.

आठ दिवसांत उत्तर आलं. मुकादमाची टोळी आणि मावशीची टोळी, दोघांनी एका सकाळी मळ्यावर यावं, दोघांना एकेक खाचर मिळेल, साहेब स्वतः बघेल. मी शाळेतून रजा काढली. दुभाषी लागणारच, आणि दुसरं कोण होतं? इस्त्रीचं लुगडं, पुण्याची छत्री, पायात चपला, अशी मी कामशेतला उतरून चिखलातून मळ्यावर पोचले तेव्हा चपला हातात आल्या होत्या.

मावशीची टोळी आधीच आली होती. पाठीवर पानांची इरली घेतलेल्या बावीस बायका बांधावर ओळीनं बसल्या होत्या. आजीला मी पहिल्यांदाच बघत होते. ती मुसलमान घरातली, मावशीचं घर आणि तिचं घर पाठीला पाठ लावून. कमरेत ती अशी वाकली होती की आवणीसाठी तिला वेगळं वाकायची गरज नव्हती. डोळ्यांत मोतीबिंदू. पोटुशी बाई आणि पायानं अधू असलेली तिच्या दोन बाजूंना बसून तिला भाकरीचा तुकडा मोडून देत होत्या. ती खात होती आणि मध्येच काहीतरी बोलून सगळ्यांना हसवत होती. माझ्या छत्रीकडं बोट करून पण काहीतरी बोलली. ते मला कुणी सांगितलं नाही.

साहेब आला. तरुण, लांब, गुडघ्यापर्यंत बूट, एका हातात घड्याळ. त्याच्याबरोबर मळ्याचा कारकून. मुकादमानं शिट्टी वाजवली आणि त्याच्या बायका खाचरात उतरल्या. "हात चालवा. तू, तिकडं सरक. बोलायचं न्हाई." असा त्याचा सपाटा सुरू झाला. साहेबानं घड्याळ बघितलं आणि मान हलवली. खूश दिसला.

आमच्या खाचरात मावशी एकटी आधी उतरली. पायानं चिखल चाचपत आडवी या कडेपासून त्या कडेपर्यंत गेली. मग परत येऊन उभी राहिली, तशा बाकीच्या उतरल्या. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. प्रत्येकीनं आपली पट्टी धरली, तिला पात म्हणतात, आणि सगळ्या एका ओळीत वाकून, मागं मागं सरकत, रोपं टोचायला लागल्या. गाणं कुणी सुरू केलं तेही कळलं नाही. मावशी ओळीच्या मधोमध होती आणि आजी तिच्या उजव्या हाताला.

साहेबानं मला विचारलं, "यातली रूलर कुठली?"

मी मावशी दाखवली. तो तिच्याकडं बघत उभा राहिला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. शेजारून शिट्टी आणि हुकूम ऐकू येत होते आणि आमची राज्यकर्ती तोंडातून ब्र काढत नव्हती. माझ्या अंगाची लाहीलाही व्हायला लागली. मी बांधावरून खाली वाकले आणि दबक्या आवाजात म्हटलं, "मावशी, काहीतरी हुकूम सोडा."

"कसला?"

"कसलाही. साहेब बघतोय."

मावशीनं क्षणभर विचार केला. मग घसा साफ करून म्हणाली, "पोरींनो, आवनी करा."

"मंग काय करतोय?" पलीकडून एक म्हणाली, आणि सगळी ओळ खदाखदा हसायला लागली. आजी तर इतकी हसली की तिला मावशीच्या हाताचा आधार घ्यावा लागला. मी कपाळाला हात लावला.

त्यानंतर थोड्याच वेळानं आजी थांबली. तिनं नुसता डावा हात जरा वर केला, आणि एका दमात सगळी ओळ थांबली. गाणंसुद्धा मध्येच तुटलं. साहेबाच्या कपाळाला आठ्या पडल्या. शेजारचं काम जोरात चाललं होतं आणि इथं बावीस बायका कमरेवर हात ठेवून उभ्या. "कुणी थांबवलं?" त्यानं विचारलं. "ऑर्डर कुणाची? इथं रूल करतं कोण?"

मी मराठी केलं. "साहेब विचारतात, इथं कुणाचं चालतं?"

एकवीस हात वर झाले. चिखलानं कोपरापर्यंत माखलेले एकवीस हात, आणि सगळे आजीकडं. मावशीचासुद्धा. बरं, कुणी अडखळलं नाही, कुणी कुणाकडं बघितलं नाही. सूर्य कुठून उगवतो विचारल्यावर दाखवावं तसं सरळ दाखवलं. आजीचं मात्र लक्षच नव्हतं. ती हातातल्या रोपांच्या जुडीत नाक खुपसून उभी होती.

मुकादम मोठ्यानं हसला. तो बांधावरून आला आणि कारकुनाच्या कानाला लागला. कारकुनानं साहेबाला सांगितलं की अर्ज खोटा आहे, त्यात लिहिलंय ही उंच बाई रूल करते, आणि इथं तर एका आंधळ्या म्हातारीचं राज्य आहे. साहेबानं कोटाच्या खिशातून माझा कागद काढला. माझं वळणदार अक्षर. त्याचा चेहरा असा झाला की मला पायाखाली बांध आहे का नाही कळेना.

आणि मी काय करावं? मी मावशीवर ओरडले. लाज वाटते सांगायला, पण ओरडले. "मावशी, काय केलंत हे? हातातलं काम घालवलंत. स्वतःचं नाव घ्यायला काय झालं होतं?"

मावशी शांतपणे म्हणाली, "तुमी इचारलं कुनाचं चालतं. जे हाय ते सांगितलं."

"मग अर्ज खोटा?"

"ते राज्याचं तुमी लिव्हलं. मी न्हाई." मग तिला माझी दया आली असावी. बांधाजवळ येऊन ती मला समजावून सांगायला लागली, शाळेतल्या पोरीला सांगावं तसं. "बाई, आमचा रिवाज हाय. टोळीत जी सगळ्यात सावकाश, तिच्या म्होरं कुनी जायाचं न्हाई. ती थांबली की थांबायचं. म्होरं गेलो तर ती माघं एकटी पडंल, मंग तिची उमेद जाईल, आन वळ तुटंल. वळ तुटली की रोपं वाकडी. आजी सावकाश हाय, म्हनून आजीचं चालतं. मी तरनी व्हते तवा दुसरी कोन व्हती, तिचं चालायचं."

"आणि तुम्ही? तुम्ही काय करता मग?"

"मी तिच्या शेजारी ऱ्हाती. तिची अर्धी पात मी वडती. आन चिखलात पयला पाय माजा. काच असंल, इंचू असंल, खड्डा असंल, तर मला घावावा."

झालं. एवढंच होतं. आणि हे तिला त्या दिवशी आमच्या घरी सांगायचं होतं, आणि मी तिला गाडी चुकेल म्हणून उठवलं होतं. मला स्वतःची अशी चीड आली की बस्स. पुण्याच्या डिक्शनरीतून मी तिच्यासाठी शिट्टी शोधत बसले होते. जी आधी चिखलात पाय घालते आणि मग सगळ्यात दमलेल्या बाईच्या शेजारी उभी राहते तिच्यासाठी त्या पाटीवर एकच शब्द होता, आणि तो मी भिऊन पुसला होता.

आता तो साहेबापुढं बोलायचा होता. त्याआधी माझी चूक कबूल करायची होती, मुकादमाच्या देखत, आणि तीही बोलून. लिहायला माझं इंग्रजी झोकदार होतं. बोलायला लागले की सगळी क्रियापदं पळून जायची. मी छत्री मिटली. म्हटलं, सर, शब्द माझा चुकला, बाईंचा नाही. इथं कुणी रूल करत नाही. ही म्हातारी सावकाश आहे. ही दुसरी तिला लीड करते. सावकाश लीड करते, सर. ही लीडर आहे.

बोलले आणि डोळे मिटायचेच बाकी होते. साहेब माझ्याकडं बघत होता, मग मावशीकडं, मग त्या ओळीकडं.

तेवढ्यात आजीला आमच्या गप्पांचा कंटाळा आला. ती चिखल तुडवत बांधाशी आली आणि हातातली जुडी माझ्या नाकाशी धरली. "बाय, त्या लालतोंड्याला सांग, ह्यात आंबेम्होर घुसलाय. दुसऱ्या भाताच्या जुडीत. कवापासून हात वर करून उबी हाय, कुनी इचारंना."

लालतोंड्याचं मी सर केलं. बाकी शब्दाला शब्द. साहेब एकदम खाली बसला. आजीनं जुडीतलं एक रोप ओढून काढलं, त्याचं पान चुरगळलं आणि त्याच्या हातावर ठेवलं. त्यानं वास घेतला. मग दुसऱ्या रोपाचं पान चुरगळलं, त्याचाही घेतला. मग तो उठून खाचराच्या कडेची पाटी वाचायला धावला, पलीकडं मुकादमाच्या खाचराकडं धावला, तिथली रोपं उपटून हुंगायला लागला. मळ्यावरच्या गड्यांनी वाफ्यातून रोपं उपटताना दोन जाती एकत्र बांधल्या होत्या. प्रयोगाच्या मळ्यात याच्याइतकं वाईट काही नाही. मुकादमाच्या टोळीनं हुकमासरशी तो सगळा खिचडा अर्ध्या खाचरात टोचून टाकला होता, झरझर आणि बिनबोलता. आमच्याकडं तो तसल्या पहिल्या जुडीलाच थांबला होता.

साहेब परत आला तेव्हा बुटात पाणी गेलेलं, चेहरा लालबुंद, पण हसत होता. त्यानं कारकुनाला सांगितलं की हंगामाचं काम या टोळीला. कारकुनानं विचारलं, एकोणीस का बावीस? साहेबानं आजीकडं बोट केलं आणि म्हणाला, ही नसेल तर एकही नको. मग माझ्याकडं वळून, जरा हळू आवाजात, त्यानं जे म्हटलं ते मी अजून विसरलेले नाही. या वर्षी त्यानं पुष्कळ लीडर बघितले होते, म्हणे, आणि ते सगळे पुढं पुढं चालत होते. मागं मागं सरकणारी लीडर ही पहिलीच. तिला अटक करायची त्याला काही इच्छा नव्हती.

मी हे मराठीत सांगितल्यावर मावशी म्हणाली, "म्होरं तोंड करून आवनी केली तर लावलेलं पायाखाली जाईल. येवडं बी सायेबाला ठावं न्हाई?" हे मात्र मी सांगितलं नाही. मला तेव्हा इतका आनंद झाला होता की मी बांधावर उभी राहून हसत होते आणि डोळे पुसत होते, आणि पोटुशी बाई माझी छत्री उघडून डोक्यावर घेऊन नाचत होती.

घरी येऊन वडिलांना सगळं सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "म्हणजे इनचार्ज कोण मग?" आणि आमचा वाद रात्रीच्या जेवणापर्यंत चालला.

पंधरा दिवसांनी आषाढी एकादशीची सुट्टी आली. मी मळ्यावर गेले, या वेळी छत्री न घेता. त्यांना दुभाषी लागत नव्हता. मीच आपली गेले. मावशी म्हणाली, "नुसत्या बगत काय बसता? उतरा." मी लुगडं खोचलं आणि उतरले. पहिल्याच पावलाला गुडघ्यापर्यंत रुतले. रोप टोचलं की ते आडवं पडायचं, सरळ केलं की वर तरंगायचं. मी एक लावीपर्यंत आजूबाजूच्या दहा लावायच्या. अर्ध्या तासात कंबर मोडली, आणि मान वर करून बघते तर काय, सगळी ओळ माझ्याबरोबरच होती. एकही बाई माझ्या मागं सरकून गेलेली नव्हती. बावीस जणी वाकून, हातात जुड्या धरून, माझं एक एक रोप उभं राहायची वाट बघत होत्या. मावशी आपली जागा सोडून माझ्या डाव्या हाताला आली होती, आणि उजव्या हाताला आजी माझी अर्धी पात ओढत होती.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "आजी, माझ्यामुळं सगळ्यांचा खोळंबा होतोय. मी बाहेर निघते."

आजीनं मान वर केली नाही. माझं आडवं पडलेलं रोप उपटून तिनं नीट टोचलं, दोन बोटांनी बुडाचा चिखल दाबला आणि म्हणाली, "ऱ्हा की पोरी. किती वर्सं झाली, समद्या माज्यासाठी थांबत्यात. आज मी कुनासाठी तरी थांबली."

मी राहिले. दिवस मावळेपर्यंत राहिले, आणि ती माझ्यासाठी थांबत राहिली.